रक्ताची मोजणी

माझ्या रक्तात राग सापडला. तोही टक्क्यांत. तेवीस पूर्णांक चार.

"अठराच्या आत पाहिजे," नसीम मुजावर म्हणाल्या आणि पडद्यावरचा तांबडा आकडा त्यांनी माझ्याकडे वळवला. "सोमवारी बावीस होते, आज तेवीस. साहेब, तुम्ही जरा शांत राहा."

शांत राहा! एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे दोन शब्द ऐकून शांत झालेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. चौतीस वर्षं मी जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक होतो. बांधावर दोन्हीकडचे भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे आणि मधे मी टेप घेऊन. त्यांना मी कधी 'शांत राहा' म्हणालो नाही. 'हे टोक धर' म्हणायचो. हाताला काम लागलं की माणूस आपोआप गप्प होतो. पण एवढं साधं शास्त्र मिरजेच्या या भल्यामोठ्या दवाखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

"मी शांतच आहे," मी ओरडलो.

नसीमबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. पेशी मोजायच्या खोलीत पंचवीस वर्षं काढलेल्या. त्यांनाही माझा कंटाळा आला असावा, पण तो दाखवायचा नाही असं त्यांच्या नोकरीत लिहिलेलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "काय चाललंय ते तरी समजून घ्या. मोजणीतले आहात ना तुम्ही?"

प्रकरण असं होतं. माझी थोरली बहीण शालनआक्का वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत पडून होती. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो घालवला, पण त्याबरोबर तिच्या अंगातली सगळी प्रतिकाराची फौजही घालवली. आणि मग उठला एक विषाणू. तो काही बाहेरून आला नव्हता. तुमच्या-माझ्या बहुतेकांच्या अंगात तो लहानपणापासून झोपलेला असतो आणि आपल्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवून असतात. आक्काचे पहारेकरी मेले, तसा तो जागा झाला. यावर औषध एकच. ज्याच्या पेशी तिच्या पेशींशी जुळतात त्याच्या रक्तातून या विषाणूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी काढायच्या आणि तिला द्यायच्या. तिच्या पोरीच्या पेशी अर्ध्याच जुळल्या. पूर्ण जुळला तो तिचा एकुलता एक भाऊ. म्हणजे मी.

नसीमबाईंनी माझ्या रक्ताचा थेंब कसा मोजला ते पडद्यावर दाखवलं. पांढऱ्या पेशींच्या अनेक जाती असतात. प्रत्येक जातीच्या अंगावर वेगळी खूण, आणि त्या खुणेलाच जाऊन चिकटणारे चमकते रंग आता मिळतात. रंग लावायचे, मग पेशी केसासारख्या बारीक नळीतून एकामागून एक सोडायच्या आणि लेझरच्या उजेडासमोरून न्यायच्या. जी जशी चमकेल तसा पडद्यावर ठिपका. पन्नास हजार पेशी, पन्नास हजार ठिपके. ठिपक्यांचे पुंजके होतात आणि त्या पुंजक्यांभोवती रेषा मारल्या की कुठली जात किती ते कळतं.

"याला आम्ही गेट म्हणतो," त्या म्हणाल्या.

"आम्ही गट म्हणतो," मी म्हणालो. "गट नंबर एकशे बारा, कब्जेदार अमुक. पुढे?"

"हा गट मारक पेशींचा." त्यांनी एका पुंजक्यावर बोट ठेवलं. "एरवी या रक्तवाहिन्यांच्या कडेला आणि प्लीहेत बसून असतात. माणूस चिडला की पाचदहा मिनिटांत सगळ्या प्रवाहात उतरतात. अंगावर हल्ला होणार असं शरीराला वाटतं ना, म्हणून. असल्या ढवळलेल्या रक्तातून स्मृतिपेशी काढायला गेलं की या पण चिकटून येतात. आणि बहिणीच्या अंगात गेल्या तर तिचंच यकृत खायला लागतात."

म्हणून नियम असा होता की सलग तीन दिवस मारक पेशी अठरा टक्क्यांच्या आत भरल्या तरच पेशी काढायचं यंत्र चालू होणार. नाहीतर त्याला कुलूप. कुणी हाताने उघडतो म्हटलं तरी उघडत नाही. रक्त द्यायच्या आधी दोन तास चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही.

"झोपेची गोळी द्या मला," मी म्हणालो.

"गोळी घेतलेली रक्तात दिसते."

"मग किती दिवस आहेत?"

"मंगळवारी काढल्या तर डॉक्टर म्हणतात जमेल. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार तीन मोजण्या. त्यानंतर..." त्यांनी पुढच्या मोजणीची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

घरी पोचायच्या आत बायकोला सगळं कळलेलं होतं. हा या नव्या काळाचा सगळ्यात मोठा जाच. पूर्वी पेशींची असली तपासणी मोठ्या शहरात व्हायची, यंत्र खोलीभर असायचं. आता ते मिक्सरएवढं झालंय आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात बसलंय. साठीच्या पुढच्या माणसाला दर महिन्याला मोजतात आणि पत्रक घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जातं. त्यात शेवटचा रकाना 'क्षोभ'. माझ्या घरात मी तोंड उघडायच्या आधीच मी चिडलोय हे जाहीर झालेलं असतं. भाजी खारट झाली म्हटलं तर उज्ज्वला म्हणते, "भाजीत नाही, तुमच्या रक्तात आहे. एकवीस टक्के." चौतीस वर्षांच्या संसारात तिला माझ्याशी वाद घालायला एवढं भक्कम कागदपत्र कधी मिळालं नव्हतं. आमच्या गल्लीत तर 'काय, बरं आहे ना' विचारायचं सोडून लोक आता 'आज किती' विचारतात.

"तेवीस!" तिनं दारातच सांगितलं. "अहो, बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे. पाच दिवस राग गिळता येत नाही तुम्हाला?"

"गिळतोच आहे. गिळलेलाच रक्तात उतरतोय."

मग सुरू झाले उपाय. काढा झाला. अनुलोम-विलोम झालं. उज्ज्वलाच्या भाच्यानं पाठवलेला मनगटी पट्टा झाला. मी जरा हललो की तो गोड आवाजात म्हणायचा, 'दीर्घ श्वास घ्या. तुम्ही सुरक्षित आहात.' बांधावर कुऱ्हाड उगारलेली असताना मला कुणी सुरक्षित म्हणालं नाही, आणि आता देवपूजेला बसलो तरी हा पट्टा धीर देतोय! गुरुवारी सकाळी मी तो काढून पिंपात टाकला. पिंपातूनही तो बराच वेळ श्वास घ्या म्हणत होता.

राग कुणावर होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाव कुणी घेत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आक्काच्या मळ्यातल्या घराला लागून शेजाऱ्याची जमीन. शेजाऱ्यानं हद्द कायम करायचा अर्ज टाकला. हद्द कायम म्हणजे मूळ खुणांवरून सीमा मोजून नक्की करायची आणि दगड बसवून द्यायचे. प्रकरण माझ्या टेबलावर आलं. मी म्हणालो, ही माझी बहीण, दुसऱ्या कुणाला पाठवा. तर शेजारी स्वतः कचेरीत आला आणि म्हणाला, "न्हाय, तुमीच या. बेडगेसाहेब बापासाठी दगड हलवायचं न्हाईत." माझी छाती दोन इंच फुगली आणि मी गेलो.

खात्यात तेव्हा उपग्रहावर चालणारी यंत्रं होती, पण मी टेपही लावायचो. दोन्हींनी एकच सांगितलं. आक्काची नवी न्हाणी सव्वा फूट शेजाऱ्यात गेली होती. आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "परल्या, सव्वा फुटानं कुणाचं काय जातंय? सरकव की दगड." मी म्हणालो, "टेपला नातं कळत नाही." महिन्याभरात न्हाणी पाडावी लागली. तेव्हापासून अबोला. दाजी वारले तेव्हा मी मातीला गेलो, तिथंही ती बोलली नाही. मीही बोललो नाही. मी का बोलावं? मी चुकीचं मोजलं होतं का?

गुरुवारी मी परत मोजणीला गेलो. साडेचोवीस.

मी खुर्ची ओढून पडद्याजवळ गेलो. नकाशा वाचायची सवय जात नाही. मारक पेशींच्या गटाभोवतीच्या रेषेला आतून लागून ठिपक्यांची एक मोठी पट्टी होती. रेष जरा आत ओढली असती तर ती सगळी बाहेर पडली असती.

"बाई, ही रेष कोण मारतं?"

"यंत्र मारतं. मी तपासते. वाटलं तर दुरुस्त करते."

"मग ही एवढी आत घ्या. हे कडेचे ठिपके तसेही धड इकडचे नाहीत, तिकडचे नाहीत. नखाएवढी सरकवा. सतरा होतील बघा."

नसीमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नाहीत. ते जास्त वाईट वाटलं.

"सरकवता येईल," त्या म्हणाल्या. "आकडा हिरवा होईल, कुलूप उघडेल. पण साहेब, रेष सरकवली म्हणून पेशी सरकत नाहीत. त्या आहेत तिथंच राहणार. तुमची बहीण असली तरी रेषेला नातं कुठं कळतंय?"

बांधावर उभ्या असलेल्या आक्काला कसं वाटलं असेल ते मला पहिल्यांदाच कळलं, आणि त्याचाही मला रागच आला. अकरा वर्षांनी माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारायला ही बाई कुठून आली?

तेवढ्यात दारातून स्नेहल आली. आक्काची पोरगी, माझी भाची. आमच्या अबोल्यातही तिनं मामाशी बोलणं सोडलं नव्हतं. हातात कागद होता आणि चेहऱ्यावर आठवडाभराचं जागरण.

"मामा, आई सही करत नाहीये. म्हणते, त्याच्या पेशी नकोत. देणाऱ्यानं समोर येऊन तोंडानं सांगावं, मग बघू."

"मरायला टेकली तरी ताठा जात नाही!"

"तुम्ही दोघंही तसलेच आहात," स्नेहल म्हणाली. "मला आता कंटाळा आलाय मामा. खरंच आलाय." आणि ती तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली.

शनिवारी सकाळी दहाला मी वर गेलो. आत्तापर्यंत मी मुद्दाम मागच्या जिन्यानं येत-जात होतो, काचेच्या खोल्या दिसू नयेत म्हणून. आक्का पलंगावर बसली होती. डोक्यावर केस नव्हते, स्कार्फ होता. काचेत बोलायला जाळीचा एक स्पीकर होता. माझी दांडगी, तालुक्याच्या बाजाराला पाटी डोक्यावर घेऊन मैलभर चालणारी आक्का चौदा वर्षांच्या पोरीएवढी झाली होती.

तिनं मला पाहिलं आणि मान स्नेहलकडे वळवली.

"इचार त्यांना, सरकारी मानूस आलाय का कुणी दुसरं?"

"मामा, आई विचारते..."

"ऐकलंय मी. तिला सांग, माणूस आलाय. पेशी द्यायला आलाय. सही कर म्हणावं."

"त्यांना म्हणावं, उपकार नकोत. उद्या त्याचंबी माप घेतील."

"मामा, आई म्हणते..."

"तिला सांग, माप घ्यायला काही उरलंय का तिच्यात!"

"सांग त्यांना, उरलं असतं जर..."

"काय उरलं असतं? काय?" मी काचेवर हात आपटून थेट तिलाच विचारलं.

स्नेहलचं तोंड उघडंच राहिलं. अकरा वर्षांत मी आक्काला उद्देशून बोललेला हा पहिला शब्द होता.

आणि मग आक्का सुटली. "वीस वर्सं साडीच्या आडोशाला न्हायले मी, परल्या! उनात, थंडीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरंला. आन् मग न्हाणी झाली. कडी लावून न्हायले ती फकस्त चार म्हयनं. चार म्हयनं! मग तू आलास टेप घिऊन!"

"सव्वा फूट पलीकडं होती!"

"बहिणीच्या न्हाणीसाठी सव्वा फूट सरकला न्हाय तुझा दगड!"

"दगड माझा नव्हता! सरकारचा होता!"

"मग जा की सरकारकडं! हितं कशाला आलायस?"

"तू मरायला लागलीस म्हणून आलोय!"

परिचारिका धावत आल्या, कुणीतरी जाळीचा आवाज बंद केला, तरी आम्ही काचेच्या दोन्ही बाजूंनी तोंडं हलवतच होतो. शेवटी नसीमबाई आल्या. कपाळाला हात लावला.

"आज पन्नास येतील," त्या म्हणाल्या. "जा बसा खाली. अकराची वेळ लावलीय, सुई तर टोचावीच लागणार."

मी खाली बाकावर जाऊन बसलो. मग काय झालं कोण जाणे, मला झोप लागली. दवाखान्याच्या बाकावर, सकाळच्या साडेदहाला. नसीमबाईंनीच हलवून उठवलं.

चौदा पूर्णांक दोन. हिरवा.

त्यांनी रक्त पुन्हा एकदा यंत्रातून फिरवलं. चौदाच. मग त्या जरा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

"पुस्तकात आहे हे, मीच विसरले. भडका उडाला की या पेशी बाहेर येतात. पण भडका संपला की तासाभरात परत जातात. जागेवर जातात आणि वर थोड्या जास्तच आत जातात. तुमचं काय झालं होतं, साहेब, भडका उडतच नव्हता. नुसता धुमसत होता. म्हणून त्या परत जातच नव्हत्या."

"मग आता काय करायचं?"

"उद्या दहाला भांडा," नसीमबाई गंभीरपणे म्हणाल्या. "अकराला या."

स्नेहल सही केलेला कागद घेऊन खाली आली. आक्कानं भांडण संपल्यावर स्वतःहून पेन मागितलं होतं.

हुकमानं भांडणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. रविवारी दहा वाजता मी काचेसमोर उभा राहिलो आणि मला एकही मुद्दा सुचेना. आक्कालाच सुरुवात करावी लागली. लहानपणी मी तिची पाटी फोडून आळ शेजारणीच्या पोरीवर ढकलला होता, तिथून तिनं धरलं. मग तिच्या लग्नात मी मांडवातून रुसून गेलो आणि आई मला शोधायला गेली, त्यामुळे आईनं तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्याच नाहीत. हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, मी अकरा वर्षांचा होतो. ती म्हणाली, तवापासनं तुझं तसंच चाललंय. मग मीही आवाज चढवला. परिचारिकांनी या वेळी आवाज बंद केला नाही, त्यांना कल्पना दिलेली होती. दोघी तर दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

पंधरा पूर्णांक एक. हिरवा.

पण भांडण संपता संपता आक्काला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. ताप एकशे दोन, विषाणूचा आकडा वाढलाय. मंगळवार चुकवून चालणार नाही, असं डॉक्टरांनी परत बजावलंय.

त्या दिवशी मी घरी कुणावर चिडलो नाही. उज्ज्वलानं ते पत्रकात न बघताच ओळखलं आणि ताट वाढून माझ्याजवळ बसून राहिली.

सोमवारी दहाला मी गेलो तेव्हा आक्का उशीला टेकून पडली होती. ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून तिनं हात नुसता हलवला.

"आज भांडाण न्हाय, परल्या. दम न्हाय माझ्यात."

"मग मी एकटा भांडतो," मी म्हणालो. "बोल कशावरून. न्हाणीवरून?"

"न्हाणीचं मी तवाच सोडलं हुतं." ती थांबत थांबत बोलत होती. "तुज्या दाजींनीच पाया आत घेतला हुता त्याच्या रानात. मला ठावं हुतं. तू बरोबर मोजलंस."

अकरा वर्षं ज्या वाक्यासाठी मी धुमसलो ते तिनं एवढ्या हळू आवाजात सांगून टाकलं होतं, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

"मग अबोला कशाचा होता, आक्का?"

"तीन तास उनात मोजत हुतास. घामानं सदरा पाठीला चिकटला हुता. मी आलं घालून चहा आनला. समदी बांधावर हुती, शेजारी हुता, पंच हुते. तू काय म्हनालास?"

मला आठवलं. आठवायला लागलंही नाही, ते तिथंच होतं. खात्याचा नियमच होता, मोजणीला गेल्यावर कुठल्याही बाजूचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मी कप परत केला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो, 'पक्षकाराकडचा चहा चालत नाही.'

"न्हाणी पाडलीस ती पाडलीस," आक्का म्हणाली. "पर मला पक्षकार म्हनालास. समद्यांफुडं. मी तुला कडंवर घिऊन फिरवलाय, आन् मी पक्षकार?"

चौतीस वर्षांत मी शेकडो माणसांना तो शब्द वापरला होता. कागदावर तो अगदी बरोबर होता.

आक्कानं स्नेहलला खूण केली. स्नेहलनं पिशवीतून थर्मास काढला आणि बाहेर काचेजवळच्या छोट्या टेबलावर कपात चहा ओतला. आल्याचा वास आला. सकाळी स्नेहलनं इथंच, काचेच्या बाहेर विजेच्या शेगडीवर तो केला होता आणि आक्का आतून एकेक गोष्ट सांगत होती. आलं ठेचून घाल, पावडर नको. आता उकळू दे.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. अकराला रक्त द्यायचं होतं. दोन तास आधी चहा नाही. मी कपाकडे पाहिलं आणि आक्काकडे पाहिलं. परत तेच. परत कप समोर आणि परत माझ्या खिशात एक नियम. आयुष्यभर मला एवढी चीड कशाचीच आली नव्हती. गेला तो आकडा खड्ड्यात, असं मनात म्हणून मी कप उचलला.

आतून काचेवर थाप बसली. तिच्यात एवढा जोर कुठून आला देव जाणे.

"ठेव खाली! मारतोस का मला? आदी रगात दे."

"गार होईल, आक्का."

"हुंदे. झाक ठेव गं त्यावर."

स्नेहलनं कपावर बशी पालथी घातली. मी काचेला लागून खुर्ची ओढली आणि बसलो. आक्कानं डोळे मिटले. तासभर मी तसाच बसून राहिलो. मधे एकदा तिनं डोळे उघडून मी आहे का ते पाहिलं आणि परत मिटले. बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून आम्ही गप्प होतो, एवढंच.

अकराला मी खाली गेलो, हात पुढे केला, सुई बसली. ठिपके पडायला लागले. नसीमबाई पडद्याला अगदी जवळ गेल्या, मग मागे सरकल्या.

"बारा पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. "आज कशावरून भांडलात?"

"भांडलो नाही."

"मग हा आकडा आला कुठून?"

"मला प्रत द्या," मी म्हणालो. "छापील. नकाशासकट."

"कशाला? सगळं यंत्रात आहे की. तुमच्या बायकोच्या फोनवरसुद्धा गेलं असेल."

"मोजणी झाली की पक्षका..." मी जीभ चावली. "मोजणी झाली की ज्याची असेल त्याला प्रत देतात. आमच्यात पद्धत आहे."

पलीकडच्या खोलीत पेशी काढायच्या यंत्राचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. उद्या सकाळी आठची वेळ लागली. मी कागद घेऊन मधल्या जिन्यानं वर गेलो आणि तो काचेला लावून धरला. हजारो ठिपके, त्यांच्याभोवती रेषा. आक्कानं डोळे बारीक करून पाहिलं.

"काय हाय त्यात?"

"हद्द कायम झाली," मी म्हणालो.

मग मी बशी काढली. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. मी उभ्याउभ्याच, एकही घोट न थांबता पिऊन टाकला. आक्का काचेतून माझ्या गळ्याकडे बघत होती, शेवटच्या घोटापर्यंत.

कप खाली ठेवला. डोळे पुसले. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"साखर जास्त झालीय," मी म्हणालो.

"मोजून घातलीया," आक्का म्हणाली.